विरोध, संदिग्धता आणि एक अनाम पंखेवाला
ई. एम. फॉर्स्टर यांची 'ए पॅसेज टु इंडिया' ही कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली. १९२१ मध्ये ते देवास (थोरली पाती) या मराठा संस्थानात महाराजांचे खाजगी सचिव होते; तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव कादंबरीच्या तिसऱ्या भागात उतरला आहे. विरोध आणि संदिग्धता यांतून या कादंबरीचा अर्थ कसा घडतो, ते आपण पाहू.

विरोध आरंभीच दिसतो. नदीकाठी दाटीवाटीचे चंद्रपूर नगर. उंचवट्यावर इंग्रज अधिकाऱ्यांची आखीव वसाहत. परंतु वरून पाहणाऱ्यास तेच मळकट नगर हिरव्या बागेसारखे भासते. पाहणारा कोठे उभा आहे, यावर दृश्य ठरते.

संदिग्धतेचे केंद्र म्हणजे मराबारची लेणी. तेथे अडेला क्वेस्टेडच्या बाबतीत नेमके काय घडले, हे लेखक अखेरपर्यंत सांगत नाही. आरोप डॉ. अझीझवर येतो आणि इंग्रजांचा क्लब खटल्यापूर्वीच त्याला दोषी ठरवतो. लेखकाने मोकळी ठेवलेली जागा पूर्वग्रह भरून काढतो. अडेला मात्र भर न्यायालयात आरोप मागे घेते. 'मला खात्री नाही' हे मान्य करण्याचे धैर्य, हाच येथे सत्याचा आरंभ होय.

मराबारची कल्पना बिहारमधील बराबर लेण्यांवरून सुचलेली आहे. कादंबरीतील लेणी रिकामी, इतिहासशून्य आहेत. बुद्धाचीही आख्यायिका तेथे नाही, असे लेखक नमूद करतो. प्रत्यक्ष बराबरच्या भिंतींवर मात्र सम्राट अशोकाने ही लेणी आजीविकांस दान दिल्याचे लेख आहेत. अर्थात ही शून्यता लेखकाने हेतुतः निवडलेली आहे.

त्याच न्यायालयात एक अस्पृश्य पंखेवाला बसला आहे. त्याच्या दर्शनाने अडेलास आपल्या दुःखाचा संकुचितपणा जाणवतो. लेखकाने त्याला सौंदर्य दिले. नाव आणि वाचा दिली नाही. राज्यकर्ते व प्रजा या विरोधाच्या पोटात दडलेला हा दुसरा विरोध आम्हांस अधिक खोल वाटतो. न्यायालय ओस पडल्यावरही तो पंखा ओढीतच राहतो.

पुढे १९३५ साली मुल्कराज आनंद यांनी 'अनटचेबल'मध्ये सफाईकाम करणाऱ्या बखाला नायक केले. त्या कादंबरीस प्रस्तावना फॉर्स्टर यांचीच आहे. म्हणून कोणतीही कादंबरी वाचताना आपण दोन प्रश्न विचारावेत : येथे काय सांगितलेले नाही? आणि येथे कोणाला बोलू दिलेले नाही?