विल्यम मिलर यांची आशा

कालबाह्य ठरलेलें भाकीत वृद्ध भाविक कां सोडीत नाहींत? अमेरिकेंतील शेतकरी विल्यम मिलर यांचेंच पाहा. दानीएलाच्या ग्रंथांतील २३०० दिवस म्हणजे तितकीं वर्षें, असा हिशेब करून ख्रिस्ताचें पुनरागमन जवळ आल्याचें त्यांनीं १८१८ सालीं ठरविलें. पुढें २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नेमला गेला. कित्येकांनीं शेतांतील पीकही काढलें नाहीं. दिवस उलटला. बासष्ट वर्षांच्या मिलर यांनीं गणित चुकल्याचें प्रांजळपणें कबूल केलें, पण आशा सोडली नाहीं. यास हट्ट म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. जिच्यापायीं पाव शतक वेंचलें, लोकांची थट्टा सोसली, ती टाकणें म्हणजे सारें आयुष्यच व्यर्थ म्हणणें. आणि नवा हिशेब मांडावयास तरुणांइतका काळ त्यांजपाशीं कोठें होता? १८४८ मध्यें त्यांनीं घराजवळ लहानसें प्रार्थनामंदिर बांधलें. पुढल्याच वर्षीं, वाट पाहतां पाहतां, ते वारले.