घरचा कोण, पाहुणा कोण

मे महिन्यात नानाकाकांकडे गेलं की आधी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतावं लागतं. मग सांबारवडी मिळते, आणि मग क्रिकेट. काका कित्येक वर्षं रणजी सामन्यांच्या वह्या लिहीत आलेत. विदर्भाचे खेळाडू लाल शाईनं, समोरचे निळ्या. मला क्रिकेट आयपीएलपुरतंच कळतं, हे त्यांना ठाऊक आहे आणि सलतंही. त्या दिवशी २०२४-२५ची वही टेबलावर पडली होती, म्हणून मीच विषय काढला.

मी : काका, त्या वर्षी आपण तीन स्पर्धा खेळलो. दोन हरलो, एक जिंकलो. याला चांगला मोसम म्हणायचं?

काका : आधी क्रम नीट लाव. ऑक्टोबरात रणजी सुरू झाली. नोव्हेंबरात थांबवली. मधे मुश्ताक अलीची ट्वेंटी-ट्वेंटी, मग विजय हजारेची पन्नास षटकं, आणि जानेवारी संपता संपता पुन्हा रणजी. भाताला एक वाफ आली की भांडं उतरवायचं, त्याच गॅसवर भजी तळायची आणि मग पुन्हा भात चढवायचा! असा स्वयंपाक तुझ्या काकूनं केला असता तर?

मी : काकूला मधे आणू नका. हरलो कुठे ते सांगा.

काका : ट्वेंटी-ट्वेंटीत उपांत्यपूर्व फेरीत. २२१ धावा करूनही मुंबईनं सहा गड्यांनी हरवलं. ते सोड. विजय हजारेत मात्र करुण नायरनं जे केलं ते पुन्हा दिसायचं नाही. आठ डावांत ७७९ धावा, पाच शतकं, सरासरी ३८९.५०.

मी : सरासरी तीनशे? छपाईची चूक असेल.

काका : बाप्पा! आठ डावांत तो दोनदाच बाद झाला. सरासरी काढताना धावांना बाद झालेल्या डावांनी भागतात, खेळलेल्या नव्हे. आता पुढचं ऐक. वडोदऱ्याला अंतिम सामना, समोर कर्नाटक. म्हणजे करुणचं स्वतःचं राज्य. तिथं संधी मिळेना म्हणून तो वर्षभर आधी आपल्याकडे आला होता. आणि नेमका त्याच दिवशी २७वर गेला. ध्रुव शोरीनं शतक काढलं, हर्ष दुबेनं शेवटी ३० चेंडूंत ६३ ठोकल्या, तरी ३६ धावांनी कमी पडलो. ती तारीख १८ जानेवारी. २३ला पुन्हा रणजी.

मी : पाच दिवसांत पांढरा चेंडू विसरून लाल खेळायचा?

काका : हाव. आणि इथंच खरा संघ कळतो. साखळीत सातपैकी सहा सामने जिंकले, ४० गुण. उपांत्यपूर्व फेरीत तामिळनाडूला १९८ धावांनी, उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी काढलं. मुंबई म्हणजे ४२ वेळा रणजी जिंकलेला संघ, आणि आदल्याच वर्षी वानखेडेवर अंतिम सामन्यात आपल्याला १६९ धावांनी हरवणारा. पार्थ रेखडेनं एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे असे तिघे घेतले. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पेपरात बातमी कुठे होती, सांगू?

मी : नको. आपल्याला मुंबई पाण्यात पाहते, हे मी पाचवीपासून ऐकतेय.

काका : ऐक पुन्हा. एका राज्यात रणजीचे तीन संघ : मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. आपण १९५७-५८पासून खेळतोय. विभागाचं क्रिकेट आलं की मुंबई आणि महाराष्ट्र पश्चिमेत, आणि आपण मध्य विभागात, उत्तर प्रदेश-राजस्थानच्या पंगतीला. साठ वर्षं कोणी विचारत नव्हतं. २०१८च्या १ जानेवारीला इंदूरला दिल्लीला हरवून पहिला करंडक आणला, तेव्हा लोकांना शोध लागला की नागपुरात क्रिकेट आहे! तेव्हाही वसीम जाफर मुंबईचाच होता म्हणा.

मी : म्हणजे करुणही पाहुणा, जाफरही पाहुणा. मग आपले कोण?

काका : हे काय, वहीतच बघ. कर्णधार अक्षय वाडकर. यश राठोड, ९६० धावा. हर्ष दुबे, मोसमात ६९ बळी. रणजीच्या एका मोसमात इतके बळी आजवर कोणी घेतले नाहीत. आधीचा विक्रम ६८चा होता. आणि पोरगा दानिश मालेवार. २१ वर्षांचा, रणजीचा पहिलाच मोसम. घरच्या मैदानावर, जामठ्याला केरळविरुद्ध अंतिम सामना, ३ बाद २४. मी तर डब्याचं झाकण लावून घरी निघायच्या बेतात होतो. तिथून त्यानं करुणबरोबर २१५ जोडल्या. करुण ८६वर धावचीत झाला, दानिश १५३पर्यंत गेला. आपल्या ३७९.

मी : आणि केरळ?

काका : त्यांची तऱ्हा ऐक. उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर एका धावेची आघाडी. उपांत्य फेरीत गुजरातवर दोन धावांची. गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाचा फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळला आणि वर उडून स्लिपमधल्या सचिन बेबीच्या हातात. त्यावर केरळ पहिल्यांदा रणजीच्या अंतिम फेरीत. गोलंदाज कोण होता माहीत आहे? आदित्य सरवटे.

मी : सरवटे? आपला?

काका : आपला होता. त्या मोसमात त्यांचा.

मी : २०१९ला याच जामठ्यावर सौराष्ट्राला हरवलं, तेव्हा अकरा बळी घेणारा?

काका : तोच. पुजाराला एका डावात १वर, दुसऱ्यात शून्यावर काढणारा. असो. केरळ ३४२वर संपलं, आपल्याला ३७ची आघाडी. पाच दिवसांत दोन्ही डाव पुरे झाले नाहीत तर बाद फेरीत पहिल्या डावातली आघाडी...

मी : थांबा. तो केरळकडून जामठ्यावर खेळला?

काका : खेळला. ७९ धावा केल्या. आघाडीचा नियम असा की...

मी : नियम नंतर. तो फलंदाजीला आला तेव्हा लोक काय करत होते?

काका : बसले होते. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नाही. अगं, ना हरकत प्रमाणपत्र घेतलं की खेळाडू दुसऱ्या राज्याकडून खेळतो. करुण आला तेव्हा तुला प्रश्न पडला नाही, सरवटे गेला की पडला?

मी : करुण मला आधी माहीतच नव्हता. सरवटेला दारातल्या पायऱ्या ठाऊक असतील ना! कुठून चेंडू वळतो, कुठे खाली राहतो.

काका : म्हणून तर ७९ केल्या. सचिन बेबी ९८वर रेखडेला उचलून मारायला गेला, करुणनं झेल घेतला. बेबी राहिला असता तर ती ३७ची आघाडी उलटी फिरली असती. दुसऱ्या डावात करुणनं १३५ करून दार लावून घेतलं. ९ बाद ३७५, सामना अनिर्णित, करंडक आपला. तिसरा.

मी : म्हणजे अंतिम सामना जिंकलाच नाही आपण.

काका : आला शहाणा प्रश्न! ट्वेंटी-ट्वेंटी बघून वाढलेल्यांना चषकाला धावांचा पाठलाग लागतो. पाच दिवस समोरच्याला पुढे जाऊ दिलं नाही, हे कमी आहे? २०१९ला पहिल्या डावात पाचचीच आघाडी होती. ती तेव्हा तुला सोन्याची वाटली होती.

मी : बरं, मान्य. पण काका, सरवटे हरला त्या दिवशी त्याला कसं वाटलं असेल? करुणलाही वडोदऱ्यात. दोघेही घर सोडून गेले, आणि अंतिम सामन्यात घरच समोर.

काका : ते वहीत लिहायला रकाना नसतो.

त्यांनी उठून कूलरचं झाकण उघडलं, पाणी आहे की नाही पाहिलं. मी वही पुढे ओढली. केरळच्या पहिल्या डावाचं पान. अकरा नावं, दहा निळी.

मी : काका, सरवटे लाल शाईत आहे.

काका : निळा पेन संपला होता.

मी : पुढची नावं निळीच आहेत.

काका : बादली आण गं. पाणी तळाला गेलंय.