दहावीचं वर्ष आणि तीन हजार मीटर

अगं, तुझी यादी वाचली. तीन हजार मीटर अकरा मिनिटांच्या आत, विभागातून राज्यावर निवड, दहावीला नव्वद टक्के, पुढे पोलीस भरती, रोवणीत आईला मदत, आणि सगळ्यात खाली ‘चिडचिड करायची नाही’. हे सगळं एकाच वर्षात! खरं सांगू का, यादीत चूक काहीच नाही. घाई मात्र फार आहे.

लांब पल्ल्याचं धावणं उशिरा पिकतं गं. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य जिंकलं, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. पुढे मुंबई मॅरेथॉन गाजवली, मग स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली, सत्ताविसाव्या वर्षी. बीडचा अविनाश साबळे तर बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहून आला आणि त्यानंतर खरा धावायला लागला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं रौप्य आणलं, ८ मिनिटं ११.२० सेकंदात. सोळाव्या वर्षी यातल्या कुणाकडेच हे यश नव्हतं. म्हणून या वर्षी एवढंच बघ की पुढच्या वर्षीही तुला धावावंसं वाटलं पाहिजे आणि पाय धड असले पाहिजेत.

सरावाचं मी थोडक्यात सांगते, बाकी तुझे सर आहेत. आठवड्यातले बहुतेक दिवस असं धाव की शेजारच्या मैत्रिणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. जोराचं धावणं दोनदा पुरे, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. तीन हजार म्हणजे साडेसात फेऱ्या. मी पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे असायचे आणि चौथीत टाळ्या वाजवणाऱ्यांच्या अगदी जवळ! नडगी दुखायला लागली की दोन दिवस थांब. डांबरी रस्त्यापेक्षा तलावाची पाळ बरी, फक्त रोवणीच्या दिवसांत निसरड्या धुऱ्यावर धावू नकोस. आणि गाव नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असेल तर पहाटे चारच्या अंधारात एकटी निघणं बंद. फटफटल्यावर निघ, सोबत घेऊन निघ. उन्हाळ्यात आपल्याकडे सात वाजताच चटके बसतात, तेव्हा मे महिन्यात कमी धावलीस तरी काही बिघडत नाही.

आता महत्त्वाचं बोलू, जे मुली सरांना सांगत नाहीत. तू लिहिलंस की हल्ली दुसऱ्या फेरीतच धाप लागते आणि घरचे म्हणतात आळस वाढला. आळस नाही गं, आधी रक्त तपास. वाढतं वय, पाळी आणि रोजचं धावणं, तिन्हीकडून लोह खर्च होतं. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर कितीही सराव कर, पाय जडच राहणार. शाळेत आठवड्याला मिळणारी ती लोहाची निळी गोळी खा. आमच्या वर्गाच्या खिडकीखाली अशा गोळ्यांचा सडा असायचा, त्यात माझंही योगदान होतं! जेवणानंतर घे, वर लगेच चहा पिऊ नकोस. शौचाला काळं झालं तर घाबरू नकोस, गोळीमुळे तसं होतं.

आणि सिकलसेलची तपासणी झाली आहे का तुझी? आपल्या भागात हा आजार बऱ्याच घरांत आहे, पण लोक लग्न जुळवायच्या वेळीच त्याचं नाव काढतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. नुसती वाहक निघालीस तर धावणं सोडायची गरज नाही. पण उन्हात, तहानलेल्या अंगाने जीव तोडून धावायचं नाही, पाणी पीत राहायचं, पाय आवळले किंवा दम कोंडला की तिथेच थांबायचं, आणि सरांना हे आधीच सांगून ठेवायचं. आजारच असेल तर मात्र डॉक्टर म्हणतील तेवढंच. लपवू नकोस, एवढं माझं ऐकच.

वजन कमी केलं की वेग वाढतो असं कुणी म्हणालं तर कानाडोळा कर. उपाशी धावून हाडं ठिसूळ होतात आणि पाळी थांबते. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जायचंच, लाजायचं नाही. महागडी पावडर नको. भात, तुरीची डाळ, अंडं, मूठभर चणे-फुटाणे, अंबाडीची भाजी, वर लिंबू. धावून आल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात जाऊ दे.

अभ्यासाचं बघ. स्पर्धा साधारण पावसाळा ते हिवाळा, बोर्डाची परीक्षा त्यानंतर. म्हणजे वर्ष आपोआपच दोन भागांत वाटलेलं आहे. जानेवारीपासून हलकं अर्धा तास धाव, तेवढ्याने डोकं ताजं राहतं, आणि बाकी वेळ गणिताला दे. झोप मात्र आठ तास, त्यातून उसनं घ्यायचं नाही. खेळाडूंना दहावीला सवलतीचे गुण मिळतात, पण प्रमाणपत्र पेटीत ठेवून मिळत नाहीत. शाळेमार्फत प्रस्ताव जिल्हा क्रीडा कार्यालयातून बोर्डाकडे जावा लागतो. मुख्याध्यापकांच्या मागे लाग, मुदत विचार, प्रत्येक प्रमाणपत्राच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेव. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, तिथेही खेळाची प्रमाणपत्रं लागतात. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर धावावं लागतं, ते तुला जमेलच. पण तिथे लेखी परीक्षाही असते. म्हणून पुस्तक सोडू नकोस.

आणि यादीतलं ‘चिडचिड करायची नाही’ हे खोडून टाक बघू. चिड हवी तेवढी. रोवणीच्या दिवसांत कंबर मोडून आल्यावर संध्याकाळचा सराव चुकला तर रडू नकोस, चिखलात दिवसभर वाकणं हाही व्यायामच आहे. आईला मात्र स्पर्धेच्या तारखा आधीच सांग, म्हणजे ती तेवढे दिवस तुला मोकळं ठेवेल. बाबांना एकदा मैदानावर घेऊन जा. तोंडाने दहा वेळा सांगून पटत नाही ते एकदा बघून पटतं.

यादीतलं राज्य, नव्वद टक्के, भरती, सगळं राहू दे, फक्त प्रत्येकासमोर वेगळं वर्ष लिही. आणि या सोमवारी शाळेत जायच्या आधी आरोग्य केंद्रात जाऊन ये. हिमोग्लोबिन किती आलं ते मला कळव, मग अकरा मिनिटांचं बोलू.