घसरणारा क्लच आणि जुनी पॅलिओ

मशीन डिझाइनच्या पेपरात क्लचचे गणित आले की आपण 'युनिफॉर्म वेअर' गृहीत धरतो, सूत्रात आकडे भरतो आणि मार्क घेऊन मोकळे होतो. पण ही झीज प्रत्यक्षात कशी दिसते, हे मला उन्हाळ्याच्या सुट्टीत यवतमाळच्या एका गॅरेजमध्ये पाहायला मिळाले. माझ्या मामांची जुनी फियाट पॅलिओ १.६ तिथे क्लचच्या कामासाठी आली होती. त्या कामात जे शिकलो ते मेकॅनिकलवाल्यांना व्हायव्हात उपयोगी पडेल आणि बाकी ब्रँचवाल्यांचा गॅरेजमधला खर्च वाचवेल, म्हणून हा लेख.

गाडीची ओळख

पॅलिओ भारतात २००१ साली आली. मुंबईत कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात पूर्वी प्रीमियर पद्मिनी तयार होत असे, तिथेच ती बनू लागली. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. १.६ मॉडेलला १५९६ सीसीचे, १६ व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन आणि ताकद सुमारे १०० अश्वशक्ती. साध्या मारुती ८०० ची ताकद ३७ अश्वशक्ती होती, यावरून अंदाज करा! उत्पादन केव्हाच बंद झाले, तरी शौकीन मंडळी ती अजून जपून ठेवतात.

लक्षणे

मामांची तक्रार अशी की, नागपूर रोडवर कापसाच्या ट्रकला ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही. समोरून एस.टी. येत असताना असे झाले तर काय होईल ते सांगायला नको. मिस्त्रीकाकांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "गाडी रेस होते, पन पळत नाई. क्लच घसरून रायला भाऊ."

ओळखायच्या खुणा थोडक्यात अशा :

१) वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही : क्लच घसरतो आहे.
२) गाडी उचलताना थरथरते : प्लेटवर तेल आले आहे किंवा फ्लायव्हील जळाले आहे.
३) पेडल दाबल्यावर घरघर येते : रिलीज बेअरिंग.
४) पेडल दाबल्यावर आवाज थांबतो, सोडल्यावर येतो : बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग. इथे नवा क्लच टाकून उपयोग नाही.

थोडे गणित

क्लच पेलू शकतो तो टॉर्क T = n × μ × W × R. प्लेटच्या दोन्ही बाजू काम करतात म्हणून n = २. समजा (हे आकडे उदाहरणाचे आहेत, पॅलिओचे नव्हेत) स्प्रिंगचा दाब W = ४००० न्यूटन, सरासरी त्रिज्या R = ०.०८१ मीटर आणि μ = ०.३. उत्तर येते सुमारे १९४ न्यूटन-मीटर. इंजिनचा टॉर्क १४० असेल तर काही काळजी नाही. आता प्लेटवर तेल आले आणि μ अर्ध्यावर, म्हणजे ०.१५ वर आला. क्षमता उरली ९७. इंजिन १४० देते, क्लच ९७ पेलतो. घसरणार नाही तर काय!

घसरताना फ्लायव्हील आणि प्लेट यांच्या वेगात ५०० आरपीएमचा फरक असेल तर सुमारे ५ किलोवॉट उष्णता तयार होते. आपण हॉस्टेलमध्ये बादलीत टाकतो तशा १ किलोवॉटच्या पाच रॉड त्या पातळ प्लेटवर एकदम लावल्यासारखे झाले. म्हणून जळका वास येतो आणि म्हणूनच एकदा घसरू लागलेला क्लच झपाट्याने संपतो.

काम कसे झाले

पद्मिनीचे इंजिन उभे, मागची चाके ओढणारी. तिथे प्रोपेलर शाफ्ट सोडून गिअरबॉक्स खाली घेता येतो. पॅलिओचे इंजिन आडवे आणि पुढची चाके ओढणारी, त्यामुळे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात. आधी बॅटरीची वायर सोडली. गाडी उचलून घोड्यांवर पक्की बसवली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली काकांनी कुणालाही जाऊ दिले नाही. गिअर ऑइल काढले, शाफ्ट, गिअर लिंकेज आणि स्टार्टर सोडले. इंजिनला आधार देऊन माउंटिंग व बेलहाउसिंगचे बोल्ट काढले आणि गिअरबॉक्स सरळ मागे ओढून खाली घेतला. तो इनपुट शाफ्टवर लटकू द्यायचा नाही, कारण त्या वजनाने प्लेटचा हब वाकतो.

आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसावे.

प्लेट हातात घेतली तर अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आले होते आणि वर तेलकट चमक. गाडीच्या कागदपत्रांत मागच्या क्लचचे बिल होते. तो दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदलला होता आणि त्याला वर्षही झाले नव्हते. मग इतक्यात कसा गेला? काकांनी तेल बोटावर घेऊन हुंगले. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो नव्हता. फ्लायव्हीलच्या मागे ओल होती, इनपुट शाफ्टकडे कोरडे होते. म्हणजे इंजिन ऑइल, आणि गळती क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून. मागच्या वेळी क्लच नवा टाकला, पण सील जुनेच ठेवले. मामांना एकच मजुरी दोनदा पडली. सील क्लचच्या मानाने अगदी स्वस्त, पण तिथे पोहोचायला सगळी गाडी खोलावी लागते.

फ्लायव्हील काढून सील बदलले. फ्लायव्हीलवर निळे डाग होते, ते लेथवर साफ करून घेतले. भेगा असत्या तर फेकावेच लागले असते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट टाकला. दमलेली डायफ्राम स्प्रिंग ठेवली तर सूत्रातला W कमी तो कमीच राहतो.

बसवताना चार गोष्टी पाहिल्या. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू बरोबर आहे ना. अलाइनमेंट टूलने प्लेट मधोमध आली ना. कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून टॉर्क रेंचने आवळले ना. आणि स्प्लाइनवर ग्रीस नावापुरतेच आहे ना. जास्तीचे ग्रीस उडून प्लेटवर गेले की पुन्हा तोच μ चा प्रश्न! शेवटी गिअर ऑइल भरले आणि पेडल तपासले.

नंतरची काळजी

पहिले काही शे किलोमीटर गाडी सांभाळून चालवायची, म्हणजे नवे अस्तर फ्लायव्हीलवर नीट बसते. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची नाही, हँडब्रेक कशाला दिला आहे? पाय सतत पेडलवर ठेवायचा नाही. आणि आपल्याकडची खास गोष्ट : पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले की हाफ क्लच करून रेस देत बसू नका. माती चाक सोडत नाही आणि क्लच मात्र जळतो. चाकाखाली दगड किंवा पऱ्हाटी टाका आणि चार जणांना धक्का मारायला सांगा.

गाडी गॅरेजला नेलीत तर दोन प्रश्न जरूर विचारा. जुना क्लच कशामुळे गेला? आणि गिअरबॉक्स खाली आहे तोवर सील बदलताय ना? काढलेले पार्ट परत मागून घ्या. मामांनी ती जुनी प्लेट मला दिली आहे. ती माझ्या रूमवर आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी खुशाल यावे. रिव्हेट, अस्तर आणि तेलाचा डाग, तिन्ही स्पष्ट दिसतात.