हिरवळीची दुरुस्ती

पुण्याच्या सारसबागेत पूर्वी तळे होते. म्हणूनच तेथील गणपतीला ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. गणपतीला वाहतात त्या दूर्वा म्हणजेच हरळी, आणि आपल्याकडे हिरवळीसाठी हेच गवत फार वापरले जाते. इतके चिवट गवत शाळेच्या आवारात मात्र जागोजागी का मरते? तेथील जमीन उंचसखल का होते?

पहिले कारण म्हणजे आपली पावले. सतत तुडवल्याने मातीच्या कणांमधील पोकळ्या मिटतात. मुळांना श्वसनासाठी हवा लागते. ती न मिळाल्याने गवत खुरटते. दुसरे कारण काळी माती. ती पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते व तिला भेगा पडतात. यामुळे खळगे आणि उंचवटे तयार होतात.

अशा वेळी ओल्या जमिनीवर जड रूळ फिरवावा, असे पुष्कळांना वाटते. पण त्यामुळे उरलेल्या पोकळ्याही मिटतात, म्हणजे मूळ दुखणे वाढतेच!

मग काय करावे? पावसाळ्याच्या आरंभी कामाला लागा. दोन खुंट्यांना समपातळीत दोरी बांधा व ठिकठिकाणी दोरीपासून जमिनीचे अंतर मोजा. दबलेल्या जागी बागेतील काट्याने ८-१० सें.मी. खोल भोके पाडा. वाळू, चाळलेली माती आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण उथळ खळग्यात पसरा. एका वेळी थर १ सें.मी.चाच असावा. पानांची टोके उघडी राहिलीच पाहिजेत, कारण प्रकाशाशिवाय पाने अन्न तयार करू शकत नाहीत. गवत वर आले, की पुढचा थर द्या. उंचवट्यावरील गवत मुळांसह उचला, खालची माती काढा आणि गवत पुन्हा बसवा.

एक हिशेब करा. खळगा १ चौरस मीटरचा व सरासरी ३ सें.मी. खोल असेल, तर मिश्रण ३० लिटर लागेल. म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या, तीन थरांत.

उघड्या जागी हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे १० सें.मी. अंतरावर लावा. तिच्या जमिनीवर धावणाऱ्या खोडाला पेरापेरांतून मुळे फुटतात. दाट सावलीत मात्र हा खटाटोप करू नका. हरळीला भरपूर ऊन लागते.

आता प्रयोग करा. एका कुंडीत पेर असलेला व दुसरीत पेर नसलेला तुकडा लावा. दोन्हींना सारखे पाणी द्या आणि रोज नोंद ठेवा. मुळे कोणत्या तुकड्याला फुटतात?