टायरचा जादा विमा: आधी हिशोब करा

मुलाने हौसेने घेतलेल्या गाडीच्या टायरवर २२५/४० आर १८ असे असेल तर बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे अवघी ९० मिलिमीटर. साध्या १८५/६५ टायरला ती १२० असते. म्हणून खड्ड्याचा दणका सरळ रिमवर जातो. नेहमीची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी नुसत्या टायरचे पैसे देत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले तरच, तेही नव्या टायरच्या निम्म्यापर्यंत. जादा टायर कव्हरचा उपयोग इथे. मात्र ताका उलगडून पाहतो तशी कलमे पाहावीत: झिजेची कपात किती, रिम धरली आहे काय? मग टायरच्या किमतीला वार्षिक हप्त्याने भागावे. पाच आले तर पाच वर्षांत एक टायर गेला तरच बरोबरी. कपात धरली तर त्याहून लवकर जायला हवा. पावसाळ्यात रोज खड्ड्यांतून जाणाऱ्याने घ्यावे. गावातच फिरणाऱ्याने हप्त्याची रक्कम गल्ल्यात वेगळी ठेवावी.