जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर घेताना कोणते यंत्र घ्यावे?

आमचा धंदा कापडाचा. यंत्रमागावरचे कोरे कापड घ्यायचे, प्रोसेसला पाठवायचे आणि विकायचे, यात आमचे तीस वर्षांहून अधिक आयुष्य गेले. तेव्हा व्हिडिओच्या यंत्रांवर आम्ही लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण ज्या मालात आपण स्वतः फसलो त्याची मालूमात दुसऱ्याला द्यावी, म्हणून हा प्रपंच. शिवाय आपल्या वाचकांत लग्नाची शूटिंग करणारे, फोटो स्टुडिओवाले आणि टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करणारे कारागीर पुष्कळ आहेत. त्यांना यात एक जोडधंदाही आहे.

आपल्या देशात १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला. आखातात कमावणाऱ्यांनी सुटीवर येताना व्हीसीआर आणले आणि पाहता पाहता लग्नाची कॅसेट काढणे ही रीतच होऊन बसली. आमच्या मालेगावात तर व्हिडिओचे वेड एवढे की, व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाँव के शोले’ हा सिनेमाच काढला. त्या काळातल्या कॅसेटी आज पंचवीस ते चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत ज्या फिती डिजिटल होणार नाहीत त्यांतल्या बहुतेक कायमच्या जातील. फितीपेक्षा वाईट हाल यंत्राचे. नवे व्हीसीआर बनविणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये काम थांबविले. म्हणजे आता जे आहे ते जुनेच, आणि रोज कमी होणारे.

आमचे काय झाले ते सांगतो. घरात अकरा कॅसेटी होत्या. बडी आपाचा निकाह, दुकानाचे उद्घाटन, आणि दोन कॅसेटींत अब्बा कारखान्यात उभे राहून नव्या मुलांना कापड कसे ओळखावे ते सांगताहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही हजार रुपयांच्या आतली एक यूएसबीची कॅप्चर काडी आणली, पुतण्याला बसविले आणि महिन्याभरात नऊ कॅसेटी उतरवून घेतल्या. सुरुवातीची पाच-पाच मिनिटे पाहिली, ठीक वाटली, आणि नऊही कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळे घर बसले तेव्हा कळले. रुखसतीपर्यंत पोहोचेतो ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. मध्येमध्ये नुसता निळा पडदा. माणूस हात हलवितो तिथे करवतीचे दाते. भंगारवाल्याकडे गेलो तेव्हा माल पुढे गेलेला होता. अब्बांच्या दोन कॅसेटी फुफीच्या घरी राहिल्या होत्या म्हणून वाचल्या. हा दोष काडी विकणाऱ्याचा कमी आणि आमचा जास्त. कापडाचा ताका आम्ही पूर्ण उलगडून पाहिल्याशिवाय घेत नाही, आणि इथे पहिला वार पाहून सौदा केला.

आता मूळ गोष्ट. आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या. यात सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते, आधी एकाआड एक ओळी आणि मग राहिलेल्या ओळी. दृश्य ओळी ५७६. सेकंदाला असे ५० अर्धे पट्टे येतात, म्हणून हालचाल गुळगुळीत दिसते. काही स्वस्त यंत्रे यातला अर्धा पट्टा टाकूनच देतात किंवा दोन्ही पट्टे भलतेच चिकटवितात. करवतीचे दाते तिथून येतात. म्हणून यंत्र घेताना पहिला प्रश्न हा की, ते ७२० बाय ५७६ मापात, दोन्ही पट्टे न छेडता देते की नाही. अमेरिकेतल्या नातलगाने पाठविलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची असते, तिच्या ओळी ४८०. सौदीतल्या जुन्या कॅसेटी कधी सेकाम निघतात. अशा कॅसेटी असतील तर ती पद्धत वाचणारा व्हीसीआरही लागेल, नुसते कार्ड बदलून भागणार नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. व्हीएचएसची फीत अर्ध्या इंचाची, ती फिरत्या ड्रमभोवती ओढली जाते. फीत ताणलेली, रबर झिजलेले, मग ओळी वेळेवर येत नाहीत. कोणी थोडी आधी, कोणी थोडी नंतर. मागावर ताण सारखा नसला की कापडाची किनार लाटेसारखी होते, अगदी तसे. जुना टीव्ही हे सहन करून घेत असे. कॉम्प्युटरचे कार्ड सहन करीत नाही. ते त्या चित्राला सोडून पुढे जाते. आवाज मात्र वेगळ्या वाटेने चालूच राहतो. एका तासात २५ प्रमाणे ९०,००० चित्रे होतात. त्यातली ३०० सुटली तर आवाज १२ सेकंद सरकला. आमच्या रुखसतीचे हेच झाले होते.

यावर इलाज म्हणजे टाइम बेस करेक्टर, लोक त्याला टीबीसी म्हणतात. तो प्रत्येक ओळ क्षणभर धरून ठेवतो आणि सरळ रांगेत सोडतो. काही महागड्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. तसा व्हीसीआर मिळाला नाही तर पॅनासोनिकचा जुना डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हा डीव्हीडी रेकॉर्डर शोधावा. त्यावर रेकॉर्ड करायचे नाही. व्हीसीआरची वायर त्यात घालायची आणि त्याच्यातून बाहेर काढून कार्डाला द्यायची, बस्स. वाटेतच चित्र बरेच सरळ होते.

म्हणून आमचे मत असे की, पहिला पैसा कार्डावर घालूच नये. आधी व्हीसीआर. हेड साफ, पिंच रोलरचे रबर मऊ, पट्टे घट्ट, आणि शक्य तर एस-व्हिडिओची पिन असलेला. पिवळ्या पिनेतून रंग आणि उजेड एकत्र येतात आणि पुन्हा वेगळे करताना खराब होतात, एस-व्हिडिओत ते वेगळेच राहतात. दुरुस्तीचे काम जाणणारे जे बुजुर्ग कारागीर दुकान बंद करून बसले आहेत, त्यांना इथे मागणी आहे. ज्या कॅसेटीवर पांढरी बुरशी दिसते ती साफ केल्याशिवाय यंत्रात घालू नये. एक कॅसेट हेड घाण करते आणि तेच यंत्र मग पुढच्या कॅसेटींना बुरशी वाटते.

आता कार्ड. बाजारात ‘इझीकॅप’ नावाच्या काड्या मिळतात. नाव एक, डबा एक, पण आतली चिप दर वेळी निराळी, त्यामुळे शेजाऱ्याचे चांगले चालते म्हणून तुमचे चालेल याची हमी नाही. पिवळी पिन घेऊन एचडीएमआय करून देणाऱ्या डब्या तर आम्ही घेऊच नका म्हणू. बऱ्याच डब्या चौकोनी चित्र ताणून रुंद करतात, नवरा-नवरी दोघेही जाडे. ब्लॅकमॅजिकच्या इंटेन्सिटी शटलसारखे महाग यंत्रही जुन्या कॅसेटीला योग्य नाही. स्टुडिओच्या पक्क्या सिग्नलसाठी ते ठीक, पण डळमळीत व्हीएचएसवर टीबीसी नसेल तर चित्रच सोडून देते. महाग म्हणजे चांगले हा हिशोब इथे लागू होत नाही.

साध्या कामाला होपॉगचे यूएसबी-लाइव्ह २ बरे. जुन्यात कॅनोपसचे एडीव्हीसी-११० मिळाले तर सोडू नये. ते आवाज आणि चित्र एकमेकांना बांधून देते, ओठ-आवाजाची तक्रार राहत नाही. त्याला फायरवायरची जागा लागते, ती कॉम्प्युटरात कार्ड टाकून करता येते. मात्र मिनीडीव्हीच्या छोट्या कॅसेटींना कॅप्चर कार्ड लागतच नाही. त्यात आकडेच भरलेले असतात, ते कॅमेऱ्यातून फायरवायरने जसेच्या तसे उतरतात. अशा कॅसेटी पिवळ्या वायरने घेणे म्हणजे रंगविलेले कापड धुऊन पुन्हा रंगविणे.

घेण्यापूर्वी परीक्षा करा, तीही सर्वांत वाईट कॅसेटीवर. व्हर्च्युअलडब फुकट मिळते, त्यात किती चित्रे सुटली याचा आकडा चालू कामातच दिसतो. तासभर घ्या आणि शेवटची पाच मिनिटे पाहा, पहिली नव्हे.

जागेचा हिशोबही आधी करावा. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी लागतात. तीन-तीन तासांच्या ४० कॅसेटी म्हणजे १२० तास, सुमारे १,५६० जीबी, म्हणजे दोन टीबीची डिस्क. दाबून छोटी केलेली फाइल तासाला दोन-तीन जीबीत बसते, पण ती ग्राहकाच्या मोबाइलसाठी. मूळ फाइल कोऱ्या ताक्यासारखी वेगळी ठेवावी. एकदा रंगविलेले पुन्हा कोरे होत नाही. आणि कॅसेट तिच्याच वेळात चालते, घाई करता येत नाही. रोज आठ तास यंत्र चालविले तर हे काम १५ दिवसांचे. दर ठरविताना ग्राहकाला हे आधीच सांगावे आणि कॅसेट परत देण्याआधी त्याला पूर्ण फाइल पाहायला लावावी.

अब्बांच्या दोन कॅसेटी आम्ही गेल्या वर्षी टीबीसीवाल्या व्हीसीआरवरून उतरविल्या. एका जागी ते कापड कानाजवळ नेऊन बोटांनी चोळतात आणि मुलांना विचारतात, आवाज ऐकला का? तो आवाज फाइलमध्ये ऐकू येतो. कॅसेटी आम्ही कपाटात कोरड्या जागी उभ्या ठेवल्या आहेत.